बारा कुंड्या आणि एक रद्दीत गेलेली वही



जबलपूरहून बोलतोय. या मालिकेत आजवर आपण लढाया पाहिल्या, तह वाचले, सैन्याच्या वाटा नकाशावर शोधल्या. आज माझ्या मागे नकाशा टांगलेला नाही. मागे आमच्या गच्चीचा कठडा आहे आणि त्याला टेकून ओळीनं मांडलेल्या कुंड्या आहेत. ज्यांनी हे व्याख्यान पुस्तकात वाचायला घेतलंय, त्यांनी एवढंच डोळ्यांसमोर आणावं: वीस मातीच्या कुंड्या, त्यातल्या अठरा पालथ्या घातलेल्या. त्या पालथ्या का आहेत, याचं उत्तर म्हणजेच आजचं व्याख्यान.

काही जण म्हणतील, कर्नलसाहेब, इतिहासाच्या मालिकेत कुंडीतली भाजी कुठून आली? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण भाजी हा रसदेचा भाग आहे आणि रसदेशिवाय युद्धाचा इतिहास होत नाही. शिवाय या कुंड्यांनी मला माझ्याच घरातला थोडा इतिहास शिकवला. तो मी स्वतःच्या हातानं रद्दीत घातला होता. तेही सांगणार आहे.

आधी माझी फजिती.

मी सैन्यातून निवृत्त होऊन जबलपूरला परत आलो. आमचं घर इथलंच. वडील विदर्भातले. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती, त्यामुळे विदर्भातला माणूस नोकरीसाठी जबलपूरला येणं म्हणजे परमुलखात जाणं नव्हतं. वडील असेच आले, कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. आम्ही घरात मराठी बोलतो, पण टोमॅटोला टमाटरच म्हणतो. तेव्हा आज टमाटर म्हणालो तर पुणेकरांनी सांभाळून घ्यावं.

२०२१ च्या जुलै महिन्यात मी बारा कुंड्या आणल्या. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत भाजीसाठी फाटकाशी उभं राहायची सवय लागली होती, आणि तेव्हाच मनात आलं होतं की दोन माणसांपुरती भाजी आपल्याला का पिकवता येऊ नये? तेहतीस वर्षं नोकरी केली, तंबू ठोकले, तारा ओढल्या, बर्फात चौक्या उभ्या केल्या. बारा कुंड्या म्हणजे काय मोठं?

तयारी मी लष्करी पद्धतीनं केली. मराठीतले बागकामाचे बरेच व्हिडिओ पाहिले, नोंदी घेतल्या, वेळापत्रक केलं. ते सगळे व्हिडिओ पुणे-नाशिककडचे होते. जून-जुलैमध्ये टमाटर, वांगी, मिरची लावा, असं सगळे सांगत होते. माती मात्र मी फुकटात मिळवली. ओळखीच्या एका शेतातून दोन पोती काळी माती आणली. आपली काळी माती, सोन्यासारखी, असं लहानपणापासून ऐकलेलं. कुंड्या तोंडापर्यंत भरल्या, रोपं लावली आणि बायकोला सांगितलं, सप्टेंबरात मंडईत जायची गरज नाही.

पंधरा दिवसांत आठ रोपं गेली. खालची पानं पिवळी पडली, खोड बुडाशी काळं पडलं आणि रोप आडवं झालं. एक रोप उपटून पाहिलं, तर मुळं कुजून तपकिरी झालेली आणि मातीला गटारासारखा वास. जी चार वाचली त्यांना फुलं आली आणि गळून गेली. मध्ये आठ दिवस पावसानं उघडीप दिली, तेव्हा दुसरंच संकट. माती सुकून इतकी आक्रसली की कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटली. वरून पाणी घातलं की ते मातीत न शिरता त्या फटीतून सरळ खाली, कुंडीच्या भोकातून बाहेर. म्हणजे पाऊस असताना रोपं बुडून मेली आणि पाऊस नसताना तहानेनं. सप्टेंबरअखेर माझ्या बारा कुंड्यांचं एकूण उत्पन्न होतं तीन टमाटर. त्यातला एक पोपटानं खाल्ला.

बायको काही बोलली नाही. फक्त पिशवी घेऊन मंडईत जाताना म्हणाली, "साहेब, काही आणायचंय का?" तीस वर्षांत तिनं मला साहेब म्हटलं नव्हतं.

सैन्यात मोहीम फसली की चौकशी होते. मी माझीच चौकशी बसवली आणि इथून इतिहास सुरू झाला.

पहिला प्रश्न मातीचा. काळी माती बेसाल्ट खडकापासून बनते. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण फार असतं आणि ही चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. शेतात ही गोष्ट शेतकऱ्याच्या फायद्याची ठरते, कारण ती ओल महिनोन्महिने धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात भेगा पडून जमीन आपोआप उलथापालथ होते. पण बारा इंची कुंडीत ना खोली असते, ना बाजूला पाणी मुरायला जागा. तिथं तीच माती फुगली की हवा कोंडते, आणि मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतातलं सोनं कुंडीत शिसं होतं.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि तो मला जास्त लागला. जबलपूरला वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जुलै-ऑगस्टात. पुण्याच्या मानानं हा जवळजवळ दुप्पट झाला. नाशिकचा शेतकरी पावसाळ्यात टमाटर लावतो ते निचऱ्याच्या जमिनीत. मग जबलपूरचा शेतकरी काळ्या मातीत पावसाळ्यात काय करायचा?

काही करायचा नाही. हेच उत्तर आहे.

जबलपूर, नरसिंहपूर, दमोह या भागात एक जुनी शेतीपद्धत होती. तिला हवेली म्हणतात. आपल्या वाड्याशी या हवेलीचा संबंध नाही. शेताला चहूबाजूंनी मातीचे उंच बांध घालायचे आणि पावसाचं सगळं पाणी शेतातच कोंडायचं. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत शेत म्हणजे तळं. त्या पाण्याखाली तण कुजून जायचं, माती पोटभर पाणी प्यायची. ऑक्टोबर उजाडला की बांध फोडून पाणी खालच्या शेतात सोडायचं, तिथून त्याच्या खालच्या शेतात. वाफसा आला की गहू, हरभरा, मसूर, जवस पेरायचे आणि पुढं एक थेंबही पाणी न देता, साठलेल्या ओलीवर पीक काढायचं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरांत याचं वर्णन आहे.

आता पाहा. या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहिलेला माणूस जुलैमध्ये पेरायचंच नाही असं ठरवून बसला होता. त्याच जमिनीची माती आणून, त्याच जुलैमध्ये, मी पुण्याचं वेळापत्रक लावलं. परक्या मुलखात स्थानिक वाटाड्या न घेता तुकडी घुसवणाऱ्या अधिकाऱ्याला आपण या मालिकेत किती नावं ठेवली आहेत! मी तेच केलं होतं, तेही माझ्या जन्मगावी.

हवेली पद्धत आता फारशी दिसत नाही. बर्गीचं धरण झालं, कालवे आले, खरिपात आधी सोयाबीन आणि मग भात आला. शेतकऱ्याला एकाऐवजी दोन पिकं मिळू लागली, त्याला दोष कोण देणार? पण पद्धत गेली तसं तिच्यामागचं ज्ञानही लोकांच्या बोलण्यातून गेलं. मला ते गॅझेटियरमधून शोधावं लागलं.

आणि हे शोधत असताना मला वडिलांची वही आठवली.

१९६५ साली मी सहा वर्षांचा होतो. पाकिस्तानशी युद्ध, देशात धान्याची टंचाई, अमेरिकेच्या गव्हावर आपण अवलंबून. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळ, सोमवारी संध्याकाळी, जेवण सोडायला सांगितलं, आणि घराभोवती जी जागा असेल तिथं काहीतरी पिकवायला सांगितलं. त्यांनी स्वतःच्या सरकारी निवासस्थानाच्या हिरवळीवर धान्य पेरलं. जय जवान, जय किसान ही घोषणा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली. आमच्या घरी सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. आणि वडिलांनी क्वार्टरच्या मागच्या अंगणात वाफे काढले. जागा अपुरी पडली तेव्हा वनस्पती तुपाचे रिकामे डबे गोळा केले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली आणि मागच्या पायरीवर मांडले. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, मटार. डब्यांना पाणी घालायचं काम माझं होतं.

वडिलांना लिहायची सवय होती. एका लांबट वहीत ते सगळं टिपून ठेवत. काय पेरलं, कधी उगवलं, किती निघालं. टंचाई संपली, शास्त्रीजी गेले, शेजारच्या क्वार्टरांमधले वाफे एकेक करून बुजले. वडिलांचे मात्र बदली होऊन क्वार्टर सुटेपर्यंत चालू होते. वही त्यांनी जपून ठेवली होती.

२००८ साली, आई-वडील दोघंही गेल्यावर, मी दोन दिवसांची रजा काढून घर आवरायला आलो. पुढच्या गाडीनं युनिटवर परतायचं होतं. कागदांची तीन पोती निघाली. ती वही हातात आली होती. मी एक पान उघडलं. त्यावर वडिलांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "आषाढ, श्रावण. डबे पालथे." मला हसू आलं. दोन महिने काही केलं नाही हेसुद्धा बाबांनी लिहून ठेवलंय, असं मनात आलं. वही पोत्यात टाकली. रद्दीवाल्यानं तिन्ही पोती वजनावर नेली.

तेरा वर्षांनी, कुजलेली मुळं हातात धरून उभा असताना मला त्या चार शब्दांचा अर्थ लागला. बाबांनी ते आळसानं लिहिलं नव्हतं. विदर्भातून आलेल्या माणसानं इथला पाऊस आणि इथली माती ओळखून काढलेला तो निष्कर्ष होता. डबा पालथा ठेवला की त्यात पाणी साचत नाही, डास होत नाहीत, पत्रा गंजत नाही आणि माती बाजूला सुकी राहते. त्या वहीत अशी आणखी किती पानं असतील? मटार नेमका कुठल्या तारखेला पेरला की जानेवारीच्या पाल्यातून वाचतो, हे त्यांनी नक्की लिहिलं असणार. इथं पाला म्हणजे दहिवर गोठवणारी कडाक्याची थंडी. मला ते दोन हिवाळे घालवून पुन्हा शिकावं लागलं.

हे माझ्या घरचं झालं. पण जरा मोठा नकाशा पसरा, तर दिसतं की हाच प्रकार देशांच्या बाबतीतही झाला आहे.

पहिलं उदाहरण आपल्या मराठी सैनिकांचं. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. मेसोपोटेमिया, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा हे गाव. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी पूना डिव्हिजन तिथं तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या, आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पूर्वज. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. भूक होतीच, पण भुकेच्या आधी आजार आला आणि तो माणसामाणसांत भेद करून आला. ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी होऊ लागला आणि हिंदी सैनिकांना स्कर्व्ही. हिरड्या सुजतात, रक्त येतं, जुन्या जखमा पुन्हा उघडतात.

कारण आहारात होतं. ब्रिटिश सैनिक पांढऱ्या पिठाचा पाव आणि घोड्याचं मांस खात होते. पांढऱ्या पिठात बेरीबेरी रोखणारं जीवनसत्त्व नव्हतं, पण ताज्या मांसानं त्यांना स्कर्व्हीपासून वाचवलं. हिंदी सैनिकांचं पीठ कोंड्यासकट होतं, त्यामुळे बेरीबेरी टळला. पण बहुतेकांनी धर्मामुळे घोड्याचं मांस नाकारलं आणि ताजी भाजी तर कुणालाच मिळत नव्हती. क जीवनसत्त्व हे नावसुद्धा तेव्हा अस्तित्वात नव्हतं.

पुढचा भाग मला फार चटका लावतो. कुतच्या पतनानंतर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी या प्रश्नाच्या मागे लागल्या. त्यांनी दाखवून दिलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीवर उपाय नाही, पण तीच कडधान्यं भिजवून, ओलसर ठेवून मोड आणले की दोनेक दिवसांत तो उपाय तयार होतो. मेसोपोटेमियातल्या सैन्यासाठी त्यांनी याच मार्गाची शिफारस केली.

मोड आलेली कडधान्यं! मंडळी, सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून ते जवान गेले होते, त्या घरांमध्ये त्यांच्या आया मटकी फडक्यात बांधून ठेवत होत्या. ते ज्ञान घरात होतं, स्वयंपाकघरात होतं. ते कुठल्याही लष्करी पुस्तकात नव्हतं, म्हणून रसदेच्या यादीत आलं नाही. वेढ्याच्या शेवटी धान्यच संपत आलं होतं, तेव्हा मोडांनी कुत वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. पण सैन्य आपल्याबरोबर शेकडो मैल डाळ वाहून नेतं आणि अख्खी मटकी नेत नाही, यात काय गमावलं ते कळायला हवं. डाळीला मोड येत नाहीत.

ताज्या भाजीची किंमत मी स्वतः लडाखमध्ये पाहिली आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात महिनोन्महिने डब्यातली भाजी खाल्ल्यावर हेलिकॉप्टरनं आलेला ताजा कांदा आम्ही सहा जणांनी वाटून, नुसता मीठ लावून खाल्ला होता. पण तिथं देशानं धडा घेतला. १९६२ पासून लेहमध्ये संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आहे. त्या उंचीवर, त्या थंडीत कुठली भाजी कशी येते याचा अभ्यास तिथं चालू राहिला, पिकवण्याच्या रीती स्थानिक शेतकऱ्यांपर्यंत गेल्या आणि त्यांनी पिकवलेली भाजी लष्कर घेऊ लागलं. तिथं नोंदी ठेवल्या गेल्या आणि त्या टिकल्या.

बाकीच्या बऱ्याच मोहिमांचं तसं झालं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं घरोघरी भाजी पिकवायची मोहीम काढली. अमेरिकेत तर सुमारे दोन कोटी घरांनी परसात, गच्चीवर, शाळेच्या मैदानात भाजी लावली. आपल्याकडे ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथून येणारा तांदूळ थांबला, आणि १९४२-४३ मध्ये अधिक धान्य पिकवा ही मोहीम सुरू झाली. बंगालचा दुष्काळ ती टाळू शकली नाही. स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली. १९५२ साली तिच्या चौकशी समितीनं अहवाल दिला, त्याचा सूर असा की सुट्या सुट्या प्रयत्नांनी काम होत नाही, खेड्याचं जीवन एकत्रच पाहावं लागतं. त्यातूनच त्या वर्षी सामूहिक विकास योजना आली. मग १९६५. मग आपली टाळेबंदी. प्रत्येक वेळी संकट आलं की लोकांनी कुंड्या भरल्या आणि संकट सरलं की रिकाम्या केल्या. पुढच्या वेळी प्रत्येक जण पुन्हा पहिलीपासून शिकला. माझ्यासारखाच.

याला एक सन्माननीय अपवाद आपल्या महाराष्ट्रात झाला. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर. अंधश्रद्धा निर्मूलनवाले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे हे थोरले बंधू. मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला. कल्पना साधी होती. प्रत्येकानं आपल्या जागेत लहानसा प्रयोग करायचा, मोजायचं, लिहायचं आणि दुसऱ्याला कळवायचं. यश कळवायचं तसं अपयशही कळवायचं. तासगावच्या द्राक्षबागायतदारांनी अशा देवाणघेवाणीतून काय मिळवलं ते सांगली जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं, असं दाभोलकर हिशेब मांडून सांगत. झाडाचं बहुतेक कोरडं वजन हवा, पाणी आणि ऊन यांतून येतं, मातीतून फार थोडं येतं, हा त्यांच्या मांडणीचा पाया. म्हणून त्यांचा भर पालापाचोळा कुजवून केलेल्या सकस मातीवर. ही मांडणी शहरातही पोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं उभी केली, त्यामागं हीच परंपरा होती.

हे वाचल्यावर मी ऑक्टोबरात दुसरी मोहीम काढली. या वेळी काळी माती फक्त चौथा हिस्सा. बाकी अर्ध्याहून जास्त कुजलेला पाचोळा आणि शेणखत, उरलेली नर्मदेची जाडी वाळू. छावणीच्या रस्त्यांवर पाचोळ्याला तोटा नाही. लोक जाळतात, मी पोत्यात भरून आणतो. बुडाच्या भोकावर खापरीचा तुकडा. आणि वेळापत्रक जबलपूरचं. जबलपूर जिल्हा मटारासाठी प्रसिद्ध आहे. पाटण, शहापुराकडं हिवाळ्यात शेतंच्या शेतं मटाराची असतात. इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेले मटाराचे वाण जवाहर या नावानं ओळखले जातात. तेव्हा मी पुण्याला विचारायचं सोडलं आणि मंडईतल्या मटारवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "दिवाळीच्या आगेमागे टाका, साहेब." त्याच्या साहेबमध्ये टोमणा नव्हता.

मेथी अठ्ठावीस दिवसांत कापली. पालक त्यानंतर दहा दिवसांनी, आणि तो पुन्हा पुन्हा फुटत राहिला. मटाराच्या शेंगा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. एका कुंडीत सहा वेल, कुंडीमागे सरासरी दीडशे ग्रॅम शेंगा. हे आकडे मी मुद्दाम सांगतोय, कारण कुंडीतून पोत्यानं भाजी निघते अशी स्वप्नं विकणारे बरेच आहेत. त्या हिवाळ्यात बारा कुंड्यांतून साडेनऊ किलो भाजी निघाली, त्यातली सात किलो पालेभाजी. कुंड्या, खत, वाळू यांचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी ती भाजी मंडईपेक्षा महाग पडली. हंगामात जबलपुरात मटार इतका स्वस्त असतो की तो कुंडीत लावणं हा पैशाच्या दृष्टीनं वेडेपणा आहे. पण मेथी, पालक आणि कोथिंबीर यांचा हिशेब दुसऱ्या वर्षीपासून जमतो. नवशिक्यानं तिथूनच सुरुवात करावी. टमाटर मी आता सप्टेंबरअखेर रोपं करून लावतो. मागच्या हिवाळ्यात चार कुंड्यांनी पाच किलो दिले.

मी वही सुरू केली आहे. लांबट, बाबांच्या वहीसारखी. तारीख, बियाणं, माती, पाणी, वजन आणि शेरा. मेलेल्या रोपांची नोंद लाल शाईनं. पहिल्या पानावर त्या जुलैची हकीकत सगळी लिहिली आहे, तीन टमाटर आणि पोपटासकट. ही वही मी संगणकावरही चढवली आहे, म्हणजे माझ्या मुलाला घर आवरायला दोनच दिवसांची रजा मिळाली तरी ती रद्दीत जाणार नाही.

तुमच्यापैकी कुणी इंदूरला असेल, कुणी बेळगावला, कुणी बडोद्याला, हैदराबादला, तंजावरला. आपण एक भाषा बोलतो, पण आपला पाऊस एक नाही आणि माती एक नाही. तेव्हा माझं वेळापत्रक उचलू नका. तुमच्या गावच्या मंडईत जा, तिथल्या म्हाताऱ्या भाजीवालीला विचारा आणि घरात जुन्या वह्या असतील तर टाकण्याआधी दोनापेक्षा जास्त पानं वाचा. मला कळवायचं असेल तर एकच गोष्ट कळवा: तुमच्या गावी कुठल्या महिन्यात कुंडी रिकामी ठेवतात, आणि का. आलेली उत्तरं मी गावाच्या नावासह पुढच्या एका भागात वाचून दाखवीन.

बाहेर पाऊस लागलाय. काल संध्याकाळी वहीत नोंद केली, ती वाचतो: "आषाढ. अठरा कुंड्या पालथ्या. दोन वळचणीखाली, मिरची, प्रयोग म्हणून. माती गोणीत, सुकी."

पुढच्या भागात आपण परत नकाशाकडं वळू. १८१७ साली भोसल्यांच्या हातून जबलपूर कसं गेलं, ते पाहू. तोवर नमस्कार.